आदोन ओलामला चाल कशी बसवायची : सिनेगॉगमधल्या प्रार्थनेची म्युझिक अरेंजमेंट, अगदी पहिल्यापासून

आमच्यात, म्हणजे बेने इस्राएल या मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्यात, कोणी जरा बरी पेटी वाजवतो म्हटलं की दोन कामं हमखास गळ्यात पडतात, एक म्हणजे लग्नाच्या आदल्या रात्री मेंदीला बसायचं आणि दुसरं म्हणजे "अरे ती अमुक तेफिला (प्रार्थना) आहे ना, तिला जरा छान चाल लावून दे, पोरं म्हणतील". पहिलं काम सोपंय. दुसऱ्यात मी इतक्या वेळा आपटलोय की आता सगळं लिहूनच ठेवतोय, म्हणजे पुढच्याने निदान नवीन चुका कराव्यात. हे बेने इस्राएल मंडळींसाठी तर आहेच, पण ज्यांना हिब्रू अजिबात येत नाही आणि कोणीतरी बोलावलंय म्हणून ज्यांना हे करायचंय अशा वाजवणाऱ्यांना पण कामाला येईल. उदाहरण म्हणून आदोन ओलाम घेतो, ही देवाच्या स्तुतीची हिब्रू प्रार्थना, कारण ती सगळ्यांना पाठ असते आणि तिच्यात एक गंमत आहे जी मराठी माणसाला पटकन कळेल.

पेटी उघडायच्या आधी विचारायचे प्रश्न

कधी म्हणणार आणि कुठे म्हणणार, हे आधी विचारा, चाल नंतर. शुक्रवारी सूर्य मावळला की शाब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस सुरू, आणि ऑर्थोडॉक्स, म्हणजे परंपरा कडक पाळणाऱ्या सिनेगॉगमधे शाब्बाथला आणि मोठ्या सणांना वाद्य वाजत नाही, पेटी नाही, तबला नाही, बऱ्याच ठिकाणी सूर घ्यायची पिचपाईपसुद्धा नाही. कारण जुनं आहे, वाद्य बिघडलं तर माणूस ते दुरुस्त करायला बसेल आणि दुरुस्ती म्हणजे काम, शिवाय यरुशलेमचं मंदिर पडल्याचा शोक हे पण एक कारण सांगतात. रिफॉर्मवाल्यांचं, म्हणजे सुधारणावादी ज्यूंचं वेगळं, जर्मनीत सेसेन गावात 1810 मधेच त्यांनी प्रार्थनेला ऑर्गन आणला आणि 1818 मधे हॅम्बुर्गच्या टेम्पलमधे पण. आपल्या मुंबईतही डॉ. जेरूशा झिराड यांनी 1925 मधे ज्यूइश रिलीजस युनियन काढली ती लिबरल वळणाची. तेव्हा "सिनेगॉगमधे चालतं का" असा प्रश्न नसतो, "ह्या सिनेगॉगमधे, ह्या दिवशी, ह्या हज्जानसमोर चालतं का" असा असतो (हज्जान म्हणजे प्रार्थना गाऊन म्हणवून घेणारा). बायका-मुली ग्रुपमधे गाणार असतील तर तेही आधीच विचारा, काही ठिकाणी पुरुषांसमोर बायकांनी गाणं चालत नाही. हे सरावाच्या तिसऱ्या आठवड्यात कळलं की जे काही होतं ते मी पाहिलंय, पुन्हा बघायची इच्छा नाही.

आणि वाद्य नाही म्हणजे अरेंजमेंट नाही असं अजिबात समजू नका. व्हिएन्नाच्या श्टाटटेंपलमधे सालोमोन सुल्झर (1804-1890) नावाचा कँटर म्हणजे हज्जान होता, त्याने नुसत्या पुरुषांच्या आणि मुलांच्या आवाजावर असं काही उभं केलं की बाहेरचे लोक ऐकायला यायचे, खुद्द शूबर्टने 1828 मधे त्यांच्यासाठी स्तोत्र 92 हिब्रूतून बसवून दिलं. बर्लिनचा लुई लेवांडोव्स्की (1821-1894) मात्र चार आवाज अधिक ऑर्गन असं लिहायचा. दोन्ही रस्ते आहेत, तुमचा कुठला ते तुमचं सिनेगॉग ठरवतं, तुम्ही नाही.

शब्द हातात घ्या, आणि अ ला आ करू नका

आता सिद्दूर म्हणजे प्रार्थनेचं पुस्तक घ्या आणि पाठ कुठला ते बघा. आश्केनाजी म्हणजे जर्मनी-पूर्व युरोपकडच्या ज्यूंच्या पाठात आदोन ओलामच्या 10 ओळी असतात, सेफार्दी म्हणजे मूळ स्पेनकडच्यांच्या पाठात त्याहून जास्त, आणि आपल्याकडे सेफार्दी वळणाची सिद्दूर चालते. यूट्यूबवरची चाल उचललीत आणि ती 10 ओळींत संपत असेल तर उरलेल्या ओळींना लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

उच्चारही एकच ठरवा. आपली म्हातारी माणसं हन्नाबी (म्हणजे प्रेषित) म्हणतात, इस्राएलहून सुट्टीला आलेली भाचरं हनावी म्हणतात, आपण शाब्बाथ म्हणतो, ते शबात. बरोबर कोण ह्याच्यावर वाद घालू नका, ज्या मंडळींत म्हणायचंय त्यांचा उच्चार घ्या आणि कागदावर तसाच देवनागरीत लिहा. मी जुन्यांच्या बाजूचा आहे, पण तो माझा हट्ट.

मग आघात. इथे मराठी माणूस मार खातो. आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घ असतं, शब्दातल्या एका अक्षरावर जोर देऊन अर्थ बदलायचा हे आपल्या कानाला माहीतच नाही. हिब्रूत जोर बहुतेक वेळा शेवटच्या अक्षरावर, काही शब्दांत शेवटून दुसऱ्यावर, आणि कधी कधी जोर सरकला की अर्थच सरकतो. सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण शेमा, म्हणजे देव एकच आहे असं सांगणारी मुख्य प्रार्थना, तिच्यानंतर येणाऱ्या वेआहव्ता शब्दाचं, जोर शेवटच्या "ता" वर असेल तर "तू प्रेम कर", आणि "हव" वर आला तर "तू प्रेम केलंस", झालं, संपलं. म्हणजे देवाची आज्ञा भूतकाळात गेली. आणि मजा म्हणजे चुकीच्या जोराच्या चाली जगभर बिनदिक्कत गातात. पण नवीन चाल आपण करणार असू तर चूक नव्याने कशाला करायची. एखाद्या जाणकाराकडून सगळे शब्द हळू म्हणून घ्या, फोनवर रेकॉर्ड करा आणि जोराच्या अक्षराखाली पेन्सिलने रेघ मारा. तासभर लागतो, पण नंतरचे दहा तास वाचतात.

ती गंमत : वृत्त

आदोन ओलाम परंपरेनं अकराव्या शतकातल्या स्पेनच्या श्लोमो इब्न गाबिरोलच्या नावावर सांगतात, नक्की कोणाला माहीत नाही. पण त्या काळच्या स्पेनमधले हिब्रू कवी अरबी छंदात लिहायचे हे नक्की. आता ही ओळ मोठ्याने म्हणा :

अदोन ओलाम अशेर मालाख, बेतेरेम कोल येत्सीर निव्रा

पहिला अ ऱ्हस्व, मग दोन-ओ-लाम तीन दीर्घ. परत अ ऱ्हस्व, शेर-मा-लाख तीन दीर्घ. बे ऱ्हस्व, ते-रेम-कोल. ये ऱ्हस्व, त्सीर-निव-रा. गझल लिहिणाऱ्यांनी एव्हाना ओळखलं असेल. लगागागा लगागागा लगागागा लगागागा, म्हणजे चक्क आपलं वियद्गंगा! अरबीतला हजज छंद एकीकडून फारसी-उर्दूत आणि तिथून मराठी गझलेत आला, दुसरीकडून स्पेनच्या ज्यूंच्या हिब्रूत गेला, आणि मी पेटीसमोर बसून बोटं मोजताना हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा रात्री साडेअकराला बायकोला उठवून सांगितलं, तिने फक्त कूस बदलली.

ह्याचा कामाचा उपयोग असा की वियद्गंगेत बसणारी कुठलीही चाल आदोन ओलामला चढते, जगभर ह्या एका प्रार्थनेच्या ढीगभर चाली आहेत त्याचं हेच कारण. आणि म्हणूनच देवनागरीत लिहिताना पहिलं अक्षर आ न लिहिता अ लिहा. बोलताना आपण आदोन ओलाम म्हणतो ते ठीक, पण गायच्या कागदावर आ दिसला की लोक तो ताणतात आणि सगळं वृत्त पहिल्याच घासाला खडा लागल्यासारखं होतं.

ताल : रूपकचा मोह टाळा

ल म्हणजे 1, गा म्हणजे 2, मग लगागागा म्हणजे 7 मात्रा. सात मात्रा दिसल्या की आपण लगेच रूपक म्हणतो, 3-2-2, ल आणि गा मिळून तीन, मग दोन, मग दोन. कागदावर इतकं सुंदर बसतं की मी पहिली अरेंजमेंट रूपकमधेच केली होती, आणि ती सपशेल पडली. एक तर समुदायाला सात मात्रा जड जातात, मागच्या बाकावरची माणसं नकळत आठवी मात्रा घालतातच. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. जोर आहे "दोन" वर आणि "लाम" वर, पण रूपकची टाळी चौथ्या मात्रेवर म्हणजे बिचाऱ्या "ओ" वर पडते. आपण शब्दांखाली रेघा मारल्या त्या कशासाठी मग?

केरवा घ्या. फक्त ऱ्हस्व अक्षर समेवर ठेवू नका, ते आधीच्या आठव्या मात्रेवर टाका, असं :

8 : अ । 1-2 : दोन । 3-4 : ओ । 5-6-7 : लाम । 8 : अ । 1-2 : शेर । 3-4 : मा । 5-6-7 : लाख

दोन समेवर, लाम पाचव्या मात्रेवर, शेर समेवर, लाख पाचव्यावर. पुढे "बेतेरेम" मधे जोर "ते" वर आहे, तो पण आपोआप समेवर येतो, येत्सीरचा त्सीर समेवर, निव्राचा रा पाचव्यावर. एका ओळीला बरोबर चार आवर्तनं. आणि पाच-सहा-सात अशी जी लांब मात्रा मिळते तिच्यात लोकांना श्वास घेता येतो, हे विसरू नका, सत्तरीच्या माणसाला श्वास लागतो.

सगळ्या ओळी अशा गुण जुळून बसत नाहीत, एखाद्या ठिकाणी जोर तिसऱ्या मात्रेवर पडतो. तिथे सूर जरा वर न्या, म्हणजे उंचीमुळे जोर वाटतो. ताल मोडू नका.

सूर कुठले

आश्केनाजी परंपरेत दर वेळेच्या प्रार्थनेला ठरलेलं सुरांचं वळण असतं त्याला नुसाख म्हणतात, आणि आपल्या भाषेत सांगायचं तर ढोबळमानाने असं. आहावा राब्बा म्हणून जो मोड आहे त्याचे सूर सा रे॒ ग म प ध॒ नि॒, म्हणजे बसंत मुखारी. मागेन आवोत म्हणजे आसावरी थाटाचे सूर. आदोनाय मालाख म्हणजे जवळपास खमाज. आणि एक युक्रेनियन डोरियन म्हणतात तो मधुवंतीसारखा लागतो, ग कोमल म तीव्र, पण निषाद कोमल. बगदादी आणि सीरियन मंडळींकडे मकाम, म्हणजे अरबी संगीतातले रागांसारखे साचे असतात, त्यातला हिजाझ म्हणजे खालच्या चार सुरांत आपला भैरवच. आमच्या बेने इस्राएल चालींत कोचीनहून आलेल्या शिक्षकांचं, बगदाद्यांचं आणि कोकणाचं असं सगळंच मिसळलेलं आहे.

पण सूर एक म्हणजे राग एक नव्हे हे पेटीवाल्याला वेगळं सांगायला नको. बसंत मुखारीत आहे म्हणून तान मारायला लागलात तर ते सिनेगॉग राहणार नाही, मैफल होईल. जुन्या हज्जानचं एखादं रेकॉर्डिंग मिळालं तर त्यात तो ओळीच्या शेवटी कुठल्या सुरावर थांबतो तेवढं टिपा आणि तुमच्या चालीत ते थांबे तसेच ठेवा. मधलं तुमचं. लोकांना घर ओळखीचं वाटतं ते थांब्यांमुळे.

पट्टी ठरवताना तुमचा गळा विसरा. पूर्ण चाल एका सप्तकात, सा ते तार सा, आणि सा पांढरी एक ते पांढरी दोनच्या मधे, म्हणजे पुरुष खाली आणि बायका एक सप्तक वर असे दोघंही आरामात म्हणतात. चाल मंद्र पंचमापर्यंत उतरत असेल तर पांढरी चार. काळी चार-पाचला गाणारी एक हौशी आत्या प्रत्येक ग्रुपमधे असते, तिला दुसरी ओळ द्या.

कॉर्ड आणि दुसरा आवाज

वाद्य चालणार असेल, म्हणजे घरचा कार्यक्रम किंवा मधल्या वारचा, आणि कोणी गिटार-कीबोर्डवाला असेल तर त्याला आधीच सांगा की आहावा राब्बाला नेहमीचा पंचमाचा सेवन्थ कॉर्ड लावायचा नाही, कारण त्यातला रे आणि नि आपल्या सुरांत नाहीतच. सा पांढरी दोन धरला तर डी मेजर, जी मायनर, सी मायनर एवढे तीन पुरेत, आणि ओळ संपताना सी मायनरवरून डी मेजरवर या. एवढ्याने ती खास चव येते. गिटारवाले पोरगे पहिल्यांदा नाक मुरडतात, मग स्वतःच सोडत नाहीत.

वाद्य नसेल तर मी असं करतो : दोन-तीन जाड आवाजांना नुसता सा धरायला सांगायचा, ओठ मिटून. पहिली ओळ एकट्याने, दुसरी सगळ्यांनी. तिसऱ्या-चौथ्यात दोन-चार जणांनी तीन सूर खालून दुसरा आवाज द्यायचा, तो पण फक्त ओळीच्या उत्तरार्धात. आणि शेवटची ओळ परत सगळ्यांनी एका सुरात. ह्याहून जास्त आवाज मी करत नाही. चार आवाजी करायची हौस मला पण होती, केली पण, मस्त झाली, आणि त्या शाब्बाथला आमचे आठ जण सोडून कोणीही तोंड उघडलं नाही, सगळे ऐकत बसले. एका आजोबांनी बाहेर आल्यावर "छान प्रोग्राम झाला" म्हटलं, ते कौतुक नव्हतं.

काही नियम जे संगीतात नाहीत पण पाळायचेत

शब्द परत परत घेऊ नका. आपल्याला भजनाची सवय, एक ओळ चार वेळा घोळवायची, इथे ते चालत नाही. मिश्ना या धर्मनियमांच्या जुन्या ग्रंथात "मोदीम मोदीम" (आम्ही आभार मानतो) असं दोनदा म्हणणाऱ्याला गप्प करा असं सांगितलंय आणि तिच्यावरच्या चर्चेच्या ग्रंथात, तालमूदमधे, शेमाबद्दल पण तेच, कारण दोन देवांना हाक मारल्यासारखं होतं. आदोन ओलामसारख्या शेवटच्या गाण्यात थोडं सैल सोडतात, तरी हज्जानला विचारा. चालीत जागा उरली तर शब्द नको, नुसतं "ला ला" किंवा "याय दाय" म्हणा, हसिदी (ज्यूंमधला एक भक्तिपंथ) लोकांचे निगून म्हणजे सूर तर बऱ्याचदा बिनशब्दांचेच असतात.

सरावात देवाचं नाव घेत नाहीत. आदोनायच्या जागी आदोशेम किंवा हाशेम, एलोहेनूच्या जागी एलोकेनू. अक्षरं तेवढीच पडतील असा पर्याय घ्या नाहीतर वृत्त हलतं, म्हणून मी आदोशेमच घेतो. आणि मोठ्या दिवशी चुकून आदोशेम म्हटलं जातं, ते होऊ नये म्हणून शेवटच्या सरावात सगळ्यांना आठवण करून द्या.

शोकातल्यांच्या कादीशला, म्हणजे गेलेल्या माणसासाठी घरच्यांनी म्हणायच्या प्रार्थनेला, हात लावू नका. कोणी कितीही सांगितलं तरी. ती ज्याची आहे त्याच्या तोंडून जशी येते तशी येऊ द्यायची.

लेखा दोदी आणि एलियाहू हन्नाबी, थोडक्यात

शुक्रवार संध्याकाळची लेखा दोदी सोळाव्या शतकात त्सफातच्या श्लोमो अल्काबेत्सने लिहिली, नऊ कडवी, पहिल्या आठ कडव्यांच्या आद्याक्षरांत त्याचं नाव. आपल्या संतांची नाममुद्रा शेवटी असते तशी, फक्त हा माणूस कडव्याच्या सुरुवातीला लपलाय. ध्रुवपद सगळ्यांना द्या, कडवी हज्जानला. बऱ्याच ठिकाणी "लो तेवोशी" पासून चाल बदलतात, तिथे जरा चढती घ्या, कारण शेवटच्या कडव्याला सगळे दाराकडे वळून उभे राहतात, आणि पाठमोऱ्या माणसांचा आवाज विस्कटतो, तेव्हा त्या कडव्याची चाल सगळ्यात सोपी पाहिजे.

मलिद्याचं, म्हणजे एलियाहू प्रेषिताच्या नावाने घरी करायच्या विधीचं, मात्र वेगळंच राज्य. घरात ताट मांडलेलं, पोहे, ओलं खोबरं, साखर, फळं, आणि सगळे एलियाहू हन्नाबी म्हणतायत. इथे मधल्या वारी पेटी-ढोलकी काढता येते. 1880 च्या सुमारास आपल्या लोकांनी मुंबईत मराठी कीर्तनं सुरू केली, आब्राहाम-मोशेची आख्यानं साकी-दिंडीत लावली, तेव्हा पेटी आपल्याला परकी नाही. माझं एवढंच म्हणणं, ह्या गाण्याची चाल बदलू नका. अलिबागजवळ खंडाळ्यापासून ते अश्दोद-दिमोनापर्यंत लोकांना ती पाठ आहे, तुम्ही फक्त पट्टी ठरवा, ध्रुवपदाआधी एक आवर्तन मोकळं सोडा आणि लय हळूहळू वाढू द्या. ती तशीही वाढते, समोर मलिदा असतो.

कागद आणि सराव

स्टाफ नोटेशनमधे हिब्रू लिहायला गेलात तर सूर डावीकडून उजवीकडे आणि अक्षरं उजवीकडून डावीकडे. मांटुआच्या सालामोने रोस्सीने 1622-23 मधे व्हेनिसला हिब्रू प्रार्थनांचं तीन ते आठ आवाजी संगीत छापलं तेव्हा पण हेच कोडं पडलं होतं, त्यांनी सुरांची दिशा बदलली नाही, शब्दांनाच जुळवून घ्यायला लावलं. आपली सुटका सोपी आहे, वर सरगम, खाली देवनागरी, मधे मात्रा, दोन्ही एकाच दिशेने. फॉन्ट मोठा. देवाच्या नावाच्या जागी नुसतं "ह" लिहा.

सराव चार पुरतात. पहिल्यात चाल नाहीच, फक्त शब्द तालात बोलायचे, हाताने केरवा देत. दुसऱ्यात पेटीबरोबर. तिसऱ्यात मधेच पेटी बंद करायची आणि पुढच्या दोन ओळी झाल्या की परत सा वाजवून बघायचा, कितीने उतरलेत ते कळतं, आमचे साधारण अर्ध्या सुराने उतरतात म्हणून मी सुरुवातच तेवढी वर करतो. चौथा सराव सिनेगॉगमधेच, गुरुवारी, आणि एक जण मागच्या बाकावर बसवायचा. त्याला शब्द कळले पाहिजेत.

सूर द्यायला वाद्य नसेल तर हज्जान आधीची प्रार्थना ज्या सुरावर संपवतो त्यावरून तुमचा सा कसा पकडायचा हे त्याच्याबरोबर बसून ठरवा. तो दर आठवड्याला साधारण त्याच पट्टीत येतो, फोनवर मधल्या वारी दोनदा म्हणून घेतलं की अंदाज येतो.

गुरुवारचा सराव संपला की कागद मोजून परत घ्या. नाव टाळलं असलं तरी पूर्ण प्रार्थना छापलेली आहे, रद्दीत जाता कामा नये, जुनी झाली की गेनीझाच्या, म्हणजे जुने पवित्र कागद जपून ठेवायच्या पेटीत. मी 25 वाटले की 23 परत येतात, उरलेले दोन कोणाच्या तरी शर्टाच्या खिशात असतात, तेव्हा कपडे धुवायला पडायच्या आत फोन करा.